कुलूप तेंच, किल्ली नवी
सिहोऱ्याच्या आमच्या वडिलोपार्जित घराची एक किल्ली हरवली, तेव्हां कुलूपच बदलावें असें सर्वांचें मत पडलें. मला हॉब्ज आठवला. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं या अमेरिकनानें चब व ब्रामा यांचीं अभेद्य मानलेलीं कुलुपें उघडून इंग्रजांची झोंप उडविली. पुढें धाकट्या लायनस येलनें १८६१ व १८६५ सालीं सुधारलेल्या कुलपाचीं पेटंटें घेतलीं. त्यांतील खुंट्यांची लांबी बदलली कीं कुलूप तेंच, किल्ली मात्र नवी. आपल्याकडे वकिली सोडलेल्या आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईस लालबागेंत कुलुपें घडविण्यास आरंभ केला.

आमच्याही कारागिरानें खुंट्याच बदलल्या. दुसरी जुनी किल्ली शेजारच्या काकूंपाशीं वीस वर्षें होती. ती आतां निरुपयोगी झाली, हें त्यांना सांगावें कसें? नवी किल्ली प्रथम त्यांच्याच हातीं दिली.