उर्वशीचा पहिला बहर

राणीच्या बागेत उर्वशी फुलली की आम्ही तिच्याखाली थोडा वेळ थांबतो. लांब देठांवरून खाली झुलणारे तांबडे-पिवळे घोस पाहून मन निवते. मुंबईच्या दमट हवेत हे झाड फुलते यात नवल नाही. नवल आहे ते थंड इंग्लंडात फुलले याचे.

कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक याने १८२६-२७च्या ब्रह्मदेशाच्या सफरीत मार्तबान प्रांतातल्या एका पडक्या मठाच्या बागेत हे झाड पाहिले. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याची फुले ओंजळीओंजळीने वाहिलेली होती. वॉलिकने गव्हर्नर-जनरलची पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट आणि तिची मुलगी यांच्या सन्मानार्थ त्याचे नामकरण केले : अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस.

या झाडाची कीर्ती ऐकून डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकला ध्यास लागला. त्याने १८३५ साली जॉन गिब्सन या आपल्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. गिब्सन १८३७ साली खासी टेकड्यांतली ऑर्किडे आणि ही अ‍ॅम्हर्स्टिया घेऊन परतला. तोवर जोसेफ पॅक्स्टन चॅट्सवर्थला २७७ फूट लांबीचे काचगृह उभारू लागला होता. ते पुरे झाले तेव्हा आठ भट्ट्यांवर तापलेले पाणी सुमारे सात मैल नळांतून त्यात खेळत असे. ऊब होती, ओलावा होता, पैसा तर होताच. फूल मात्र येईना.

ते आले १८४९ साली, लंडनजवळच्या ईलिंग पार्कमध्ये. एका नामांकित शल्यवैद्याची पत्नी लुईझा लॉरेन्स हिच्या उष्णगृहात इंग्लंडातला पहिला घोस उमलला आणि त्याचे चित्र ‘बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये छापले गेले. पॅक्स्टनचे कसब कमी पडले असे म्हणावे, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने अ‍ॅमेझॉनचे महाकमळ चॅट्सवर्थला फुलवून दाखवले होते. म्हणजे उणीव कसबाची नव्हती. झाड जगवणे आणि झाड फुलवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले ऊब देऊन साधते. दुसऱ्याला भरपूर उजेड लागतो, वय लागते, आणि वाट पाहणे लागते. कोळसा जाळून ऊब मिळते, उत्तरेच्या हिवाळ्यात ऊन मिळत नाही.

पुढे ऊबही संपली. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, भट्ट्या विझल्या आणि काचगृहातली झाडे मेली. १९२० साली ते काचगृह सुरुंग लावून पाडण्यात आले.

मराठीने या झाडाला उर्वशी म्हटले, ते आम्हाला फार समर्पक वाटते. पुरूरव्यालाही ती अटींवरच लाभली होती. अट मोडली आणि ती गेली. इतिहासाने झाड शोधणाऱ्याचे, आणणाऱ्याचे, पहिल्यांदा फुलवणारीचे नाव जपले. मठाच्या बागेत ज्याने ते लावले, त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. त्याच्याकडे ती ओंजळीने फुलत होती.