लोणारचा खार आणि लोणारची पाखरं

लोणारला येणारी मंडळी साधारण दोन प्रकारची. एक विवर बघायला येणारी आणि दुसरी देवळं बघायला येणारी. गळ्यात दुर्बीण अडकवून भल्या पहाटे काठावर उभे राहणारे आम्ही तिसरे, कायमचे अल्पसंख्य. टपरीवरच्या चहावाल्याला आम्ही हमखास सर्व्हेवाले वाटतो. "जमीन मोजायला आले का?" असं एकाने सरळ विचारलं होतं. पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती पीएमच्या चेहऱ्यावरही कधी दिसली नाही!

असो. बुलढाणा जिल्हा म्हणजे काही वाळवंट नव्हे, पण हिरवागारही नाही. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत उरकलेला. मग आठ महिने कोरडं माळरान, तूर-कपाशीची शेतं आणि धूळ. त्या सगळ्याच्या मधोमध सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि जवळपास दीडशे मीटर खोल एक विवर. तळाशी पाणी आणि पाण्याभोवती रानाची वर्तुळं. जुन्या वर्णनांत ती एकेक करून येतात: वरून उतरताना शिंदीची झाडं, मग चिंचा, मग बाभळी आणि शेवटी काहीही न उगवणारा पांढुरका चिखलाचा पट्टा.

आम्हा लोकांचं सगळं सुख त्या चिखलात. लांब गुलाबी पायांच्या शेकाट्या तिथे हिवाळाभर चिखल चिवडत असतात. मधोमध टिबुकल्या बुडी मारतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात, थापट्या येतात, अधूनमधून रोहितही (म्हणजे फ्लेमिंगो) उतरतात. वर चिंचेच्या रानात मोरांचा नुसता गोंगाट. पण दोन-तीन सकाळी नीट नोंदी केल्या की एक गोष्ट खटकायला लागते. एवढं मोठं पाणी, आणि मासे मारून पोट भरणारे पक्षी मुख्य पाण्यावर जवळजवळ नाहीतच. खंड्या दिसला तर गोड्या झऱ्यापाशी. पाणकावळ्यांची रांग नाही. कुठल्याही धरणावर हे पक्षी आधी दिसतात, मग इथे का नाहीत?

उत्तर सोपं आहे: पाणी भयंकर खारं. पण नुसतं खारं म्हणून भागत नाही. समुद्रही खारा आहे आणि तो माशांनी भरलेला आहे. लोणारचं पाणी सोड्याचं. त्याचा सामू साडेदहाच्या आसपास, म्हणजे हातावर घेतलं तर साबणासारखं बुळबुळीत लागावं इतका.

हे झालं कसं? पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी बेसाल्टच्या खडकातून झिरपताना थोडे थोडे क्षार विरघळवत खाली येतं. आत यायला वाटा भरपूर, बाहेर जायला एकच, उन्हाने वाफ होऊन. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. चुन्याचा अंश आधीच साका होऊन तळाला बसतो आणि पाण्यात उरतो तो सोडा आणि मीठ. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हजारो वर्षं रीस्टार्ट न केलेला मेमरी लीक! (नक्की किती हजार यावर वाद झालाय. आधी बावन्न हजार वर्षं म्हणत. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा आकडा ५ लाख ७० हजार निघाला. दहापट चुकलेलं एस्टिमेट आपल्याला नवीन नाही.)

या पाण्यात मासे जगत नाहीत, पण स्पायरुलिना जातीचं सूक्ष्म शैवाल मात्र माजतं. सरोवराचा तो प्रसिद्ध हिरवा रंग त्याचाच. शैवालावर जगणारे बारीक जीव, त्यांच्यावर शेकाट्या. धाकटा रोहित तर थेट शैवालच गाळून खातो. म्हणजे कोण पक्षी इथे जेवणार हे सोड्याचं प्रमाण ठरवतं. लोणारची पक्ष्यांची यादी ही एका अर्थी खाराची यादी आहे.

मला गंमत वाटते ती पुढची. लोणारबद्दल गेली चारशे वर्षं लोक लिहीत आले, पण जो तो आपल्याला हवं तेवढंच बघून गेला. पुराणात लवणासुराची गोष्ट आहे. जमिनीखाली दडलेल्या त्या दैत्याला विष्णूने दैत्यसूदन होऊन मारलं. त्याचं रक्त म्हणजे हे पाणी आणि मांस म्हणजे हा खार, असं लोक सांगतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजल 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारला येतो. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात एवढं नोंदवून तो लगेच कामाच्या मुद्द्यावर येतो: इथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं आणि सरकारला चांगला महसूल मिळतो. पाखरांचं नाव नाही! अर्थात तो महसुलाचा हिशेब लिहीत होता, त्याला दोष कशाला द्या.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथे आला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभारच इंग्रजांकडे गेला आणि त्यांच्या गॅझेटियरांतही लोणार मुख्यतः सोड्याच्या निमित्तानेच येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणसं चिखलात उतरून खार गोळा करत. त्याच्या प्रतींना वेगवेगळी नावं होती, दल्ला, पापडी वगैरे. आपल्या पापडखाराचाच हा भाऊबंद. ज्या काठावर आज शेकाट्या चरतात तोच काठ तेव्हा उत्पादनाची जागा होता. पुढे धांगध्रा आणि मिठापूरसारख्या ठिकाणी सोडा कारखान्यात तयार व्हायला लागल्यावर चिखलातून खार वेचण्यात काही अर्थ उरला नाही. पाखरांना हा काठ मोकळा मिळाला त्याचं थोडं श्रेय मी तरी या कारखान्यांना देतो, वनखात्याच्या कितीतरी आधी.

मग भूगर्भवाले आले. हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा खड्डा, हा वाद बरीच वर्षं चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधाने तो जवळपास मिटवला. विवराच्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं होतं. प्रचंड आघाताने खडकातल्या स्फटिकांची जी काच होते ती ही. अबुल फजलनेही काचच पाहिली होती, पण वेगळी.

पक्ष्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. जून २००० मध्ये लोणार वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ३.८३ चौरस किलोमीटर, आपल्याकडची एखादी मोठी टाउनशिप यात कशीबशी मावेल. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतर दुसरं. त्या वेळच्या माहितीत १६० जातींचे पक्षी दिलेत.

त्याच वर्षी जूनमध्ये सरोवर अचानक गुलाबी झालं. तुम्हीही ते फोटो पाहिले असतीलच. व्हॉट्सॅपवर लवणासुराच्या रक्तापासून प्रलयापर्यंत सगळं येऊन गेलं. सरोवराबद्दलची जनहित याचिका तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालूच होती, त्यामुळे तपासही झाला. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्यात खारप्रेमी हॅलोआर्किया दाखवले. उन्हाने पाणी घटलं, क्षार दाटले, हे जीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं. ही रंगद्रव्यं कॅरोटिनॉइड गटातली, आणि रोहित पक्ष्याला त्याचा गुलाबी रंग याच गटातल्या द्रव्यांनी मिळतो, खाण्यातून. म्हणजे त्या जूनमध्ये सरोवरच रोहितासारखं झालं होतं.

गुलाबी पाण्याची बातमी झाली. पाणी वाढण्याची तेवढी झाली नाही, आणि मला काळजी त्याची आहे. गेल्या काही वर्षांत पाणी चढत चढत काठावरच्या कमळजा देवीच्या देवळाला जाऊन भिडलं. पाण्याला काठोकाठ आलेलं बघून आपल्याला बरंच वाटतं. दुष्काळाच्या मुलखात वाढलेल्यांना तर फारच. पण या सरोवरात गोडं पाणी जास्त येणं म्हणजे खार पातळ होणं. शिवाय शेकाट्यांचा चिखलाचा पट्टा पाण्याखाली जातो तो वेगळाच.

हे नुसतं पुस्तकी नाही. पूर्व आफ्रिकेत लोणारची मोठी भावंडं आहेत, नाकुरू, बोगोरिया, नॅट्रॉन वगैरे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तिथल्या २२ सोडा सरोवरांची उपग्रहांनी टिपलेली दोन दशकांची माहिती २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. पाऊस वाढला, सरोवरं फुगली, शैवाल घटलं. २००९ ते २०२२ या काळात नाकुरूचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट झालं आणि शैवालाचं प्रमाण निम्म्यावर आलं. लाखो रोहितांसाठी नाव काढलेलं ते सरोवर, आणि रोहितांना खाणं शोधत दुसरीकडे जावं लागतंय. कुणी शिकार केली नाही, जंगल तोडलं नाही. फक्त पाणी गोडं झालं.

तिथल्या रोहितांना निदान दुसरी सरोवरं आहेत. एक आटलं किंवा फुगलं की दुसऱ्यावर. लोणारच्या आसपास दुसरं लोणार नाही. (जवळच अंबर तळं आहे, त्यालाही काही जण याच उल्केचा तुकडा म्हणतात, पण ते लहान आणि सोड्याचं नव्हे.) वनखात्याने विवरातली वेडी बाभूळ काढायला घेतली हे चांगलंच. पण अभयारण्याची हद्द विवराच्या कडेशी थांबते, पाणी थांबत नाही. गावाचं सांडपाणी, भोवतालच्या शेतांतून आणि जमिनीखालून झिरपणारं पाणी, यांचा हिशेब त्या ३.८३ चौरस किलोमीटरच्या बाहेर मांडावा लागेल.

पाणी गोडं झालं तर पक्षी संपतील असं मी म्हणत नाही. उलट मासे आले की बगळे येतील, पाणकावळे येतील, खंड्या मुख्य पाण्यावर झेपा टाकायला लागेल. १६० चा आकडा वाढेलही, आणि तो वाढल्याचा कुणीतरी अहवालही काढील. फक्त ती यादी विदर्भातल्या कुठल्याही धरणाची असेल.

पुढच्या हिवाळ्यात जाणार असाल तर एक करा. पक्षी मोजताना जागाही लिहा: झऱ्याच्या तोंडाशी की त्यापासून लांब, चिखलावर की उघड्या पाण्यात. माशाला सूर मारणारा खंड्या झऱ्यापासून दूर, मुख्य पाण्यावर दिसला तर तारखेसकट टिपून ठेवा. पाण्याची बाटली मात्र वरूनच भरून न्या, खाली उतरल्यावर फार तहान लागते.