माथेरानची गाडी आणि ब्रेकवाले हात

आमच्या उर्दू शाळेत सातवीच्या वर्गाला मी एकदा विचारले, "माथेरानची रेल्वे कोणी बांधली?" अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "सर, अंग्रेजोंने." मी फळ्यावर एक नाव लिहिले : अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "ये तो अपना नाम है, सर!"

त्या 'अपना'त आनंद होता, आणि थोडे आश्चर्यही. आश्चर्य मला जास्त टोचले. आपल्या मुलांना आपला इतिहास म्हणजे किल्ले, मकबरे आणि लढाया एवढाच ठाऊक. रूळ, कारखाना, पूल यांच्याशी आपले काही नाते असेल, हे त्यांच्या मनातही येत नाही.

सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा व्यापारी. मूळचे काठियावाडातले, धोराजीचे. मुंबईत आले तेव्हा हाती भांडवल नव्हते. रस्त्यावर काड्यापेट्या विकून त्यांनी सुरुवात केली असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि चामड्याचे सामान पुरवून ते मुंबईच्या मोठ्या धनिकांत गेले. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. राजकारणाच्या पुस्तकांत त्यांची एवढीच ओळ उरली आहे. पण त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, त्यांच्या पैशातून आणि त्यांच्या मुलाच्या, अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून, नेरळहून माथेरानला पहिली गाडी चढली. ती अजून धावते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले आणि तिथून या थंड हवेच्या ठिकाणाची वाट खुली झाली. नेरळपर्यंत रेल्वे आली, तरी वर जायचे तर घोडा, पालखी नाहीतर आपले पाय. १९०४ मध्ये काम सुरू झाले, तीन वर्षांत पुरे झाले. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे. रूळांमधले अंतर फक्त दोन फूट. लांबी सुमारे वीस किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास वर चढते. सर्वांत कठीण चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. बोरघाटातला मोठ्या रेल्वेचा कठीण चढ सदतिसास एक आहे, यावरून अंदाज यावा. गाडी उलटी-सुलटी न नेता सरळ वर चढावी म्हणून डोंगराच्या कुशीत घोड्याच्या नालेसारखी वळणे घातली. अशा वळणांत मान वाकवता येतील अशी चार इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून आणली. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

हे सगळे मी पुढे वाचले. पण ही गाडी मला पहिल्यांदा कळली ती १९९९ च्या सुमारास, दहा वर्षांचा असताना. नानांबरोबर नेरळहून निघालो होतो. डबा गच्च भरलेला. नानांनी मला कडेच्या बाकावर दाराशी बसवले. दाराबाहेर दोन डब्यांच्या मध्ये खाकी कपड्यातला एक माणूस बसला होता आणि त्याच्यासमोर लोखंडी चाक होते. मला वाटले, गाडी हाच चालवतो! नाना हसले. म्हणाले, "चलाता वो आगेवाला है बेटा. थामता ये है."

हे चाक म्हणजे हाताचा ब्रेक. चाक फिरवले की खाली ब्रेकचे ठोकळे डब्याच्या चाकांना घट्ट धरतात. इंजिनातून शिटी आली की ब्रेकवाला चाक आवळी, पुन्हा शिटी आली की सैल करी. त्याने हाताला फडके गुंडाळले होते. येताना उतारावर त्याचे हात क्षणभरही थांबले नाहीत. खाली दरी होती. मी दरीकडे कमी आणि त्या हातांकडे जास्त पाहत होतो.

हे काम किती जोखमीचे, ते मला आयर्लंडमधल्या आर्मा गावच्या अपघाताबद्दल वाचले तेव्हा कळले. १२ जून १८८९. रविवारच्या धर्मशाळेची सहल घेऊन निघालेली गाडी चढावर अडली. तेव्हा तिचे दोन भाग केले. मागचे डबे शेवटच्या ब्रेकच्या डब्यातल्या हातब्रेकवर आणि चाकांखाली घातलेल्या दगडांवर सोपवले. पुढचा भाग हलताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला, दगड चुरडले, ब्रेक पुरा पडला नाही. डबे उतारावरून मागे सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला, की प्रवासी गाडीच्या सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारा ब्रेक हवा. मी स्वतः मुलांच्या सहली नेतो. ते वाचल्यानंतर बरेच दिवस मला ते दगड दिसत राहिले.

माथेरानच्या गाडीत मात्र पुढे कित्येक वर्षे डब्याडब्यावर माणसाचे हातच राहिले. वाफेची इंजिने १९८०च्या दशकात थांबली, डिझेलची आली. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी बंद झाली. त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसवले आणि जानेवारी २०१८ मध्ये पुरा मार्ग खुला झाला. २०१९ च्या पावसात परत नुकसान झाले, ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत नेरळहून चढली.

दोन वर्षांपूर्वी मी मुलांना अमन लॉजहून माथेरानपर्यंत या गाडीने नेले. मघाचा तोच मुलगा खिडकीशी बसला होता. पीरभॉयांची गोष्ट मी पुन्हा सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पैसा उनका था. पर पत्थर किसने तोडे? ब्रेक किसने पकडा? उनके नाम?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या मजुरांनी तीन वर्षे डोंगर फोडला, त्यांची नावे मला कोठे वाचायला मिळाली नाहीत. लहानपणी ज्याच्या शेजारी बसून मी डोंगर उतरलो, त्या ब्रेकवाल्याचेही नाव मी विचारले नव्हते. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, तेही मला माहीत नाही. उतारावर कोणी विचारत नाही.

आपण आपल्या समाजाच्या माणसांची नावे इतिहासात शोधतो. शोधलीच पाहिजेत, नाहीतर मुले 'अंग्रेजोंने' म्हणून मोकळी होतात आणि या मातीत आपण पाहुणे आहोत असे समजून बसतात. पण नाव सापडले की तेवढ्यावर थांबू नये. पीरभॉयांनी बांधलेल्या गाडीत त्यांची कौमच काय, सगळा मुलूख बसला. तीच तिची मोठी गोष्ट. आणि तिला शंभर वर्षे उतारावर सांभाळले ते अनाम हातांनी.

परतल्यावर त्या मुलाने वहीत गाडीचे चित्र काढले. इंजिन लहान काढले होते. डब्यामध्ये बसलेला माणूस मोठा होता, त्याच्या हाती चाक होते. खाली उर्दूत लिहिले होते : थामनेवाला. मी त्याला दहापैकी दहा गुण दिले.