यंत्राची किंमत, ऐकण्याचे मोल

महागडा हेडफोन घ्यावा की नाही, हा प्रश्न वरकरणी बाजारातला आहे. साहित्याच्या पानांवर त्याला जागा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे, की किंमत आणि मोल यांतले अंतर तपासणे हे समीक्षेचे जुनेच काम आहे, आणि हा प्रश्न नेमका त्या अंतराचा आहे. शिवाय त्याला इतिहासही आहे. गेली सव्वाशे वर्षे मराठी माणूस ऐकण्यासाठी पैसे मोजत आला आहे. कधी तबकडीसाठी, कधी परवान्यासाठी, कधी कॅसेटसाठी. प्रत्येक वेळी त्याला काय मिळाले आणि त्याच्या हातून काय सुटले, हे पाहिल्याखेरीज आजच्या पंचवीस हजारांच्या हेडफोनविषयी बोलणे म्हणजे केवळ भावाची चर्चा होईल.

आरंभ अभावापासून करावा. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची वर्णने आहेत, शिष्यपरंपरा आहे, आख्यायिका आहेत. ध्वनिमुद्रिका मात्र नाही. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६पर्यंत होते, म्हणजे तबकडीचा ऐन बहर त्यांनी पाहिला. पण त्यांचीही तबकडी बाजारात आली नाही. या दोघांचे गाणे ज्यांनी ऐकले, त्यांनी बैठकीत बसून ऐकले. ‘तानसेन नाही तर निदान कानसेन व्हावे’ ही म्हण त्या बैठकीतली आहे. तिथे ऐकण्याचे साधन कान हेच होते. आज लाखभर रुपयांचे यंत्र कानाला लावले तरी भास्करबुवा ऐकू येणार नाहीत. ही गोष्ट उघड आहे. परंतु पुढच्या सगळ्या विवेचनाचे सूत्र तिच्यातच आहे. ऐकणे ही एक साखळी आहे: गाणारा, मुद्रण, माध्यम, यंत्र, जागा आणि कान. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके असते. पैसा ज्या कडीवर खर्च होतो ती कच्ची कडी नसेल, तर तो पैसा वाया जातो.

हिंदुस्थानातले पहिले महत्त्वाचे व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाले. फ्रेड गैसबर्ग याने गोहरजानचा आवाज मुद्रित केला. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. कलकत्त्याला कारखाना निघाला तो १९०८ साली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या दाबाने सुई हलायची आणि मेणावर रेघ उठायची. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे नाद ऐकतो. कर्ण्याने होणाऱ्या मुद्रणात ढोबळ मानाने २५० ते २,५०० हर्ट्झचा पट्टा तेवढा उतरे. १९२५च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि ही मर्यादा ५,००० हर्ट्झच्या आसपास गेली. बाजूची लांबी मात्र तीनच मिनिटांची राहिली. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियन तबकड्या या काळातल्या. ज्या गायकाला आलाप मांडायला तासभर हवा, त्याने तीन मिनिटांत ठुमरी उभी केली, आणि ती आजही ऐकवते.

त्या काळातही शिसवी पेटीचा, चकचकीत कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात ठेवणारे हौशी लोक होतेच. यंत्र कितीही थोर असले तरी तबकडीत जे उतरलेच नव्हते ते त्यातून निघणार कसे? त्या जादा पैशांनी घराला शोभा आली, क्वचित आवाज मोठा झाला. गाणे होते तेवढेच राहिले. ‘नाकापेक्षा मोती जड’ याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही. पण दुसरी बाजूही आहे. बालगंधर्वांचे नाटक पाहायला ज्याला मुंबई-पुण्याला जाणे परवडत नव्हते, त्याच्या गावात त्यांचा आवाज पोहोचला तो याच तबकडीतून. म्हणजे यंत्राचे खरे मोल त्याच्या शुद्धतेत नव्हते. जे दुर्लभ होते ते आवाक्यात आणण्यात होते.

हेडफोनचा इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नथॅनिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन १९१०च्या सुमारास अमेरिकी नौदलाने घेतले. पुढे रेडिओ आला तेव्हा स्वस्तातल्या क्रिस्टल संचाला हेडफोनवाचून गत्यंतरच नव्हते. त्यात आवाज वाढवण्याची सोय नसे. म्हणजे त्या वेळी हेडफोन हे चैनीचे साधन नव्हते. लाउडस्पीकरचा संच ज्याला परवडत नाही त्याची ती तडजोड होती. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ऐकण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे, आणि त्या वर्षाअखेर देशभरातले परवाने चार हजारांच्या आतच होते. १९३० साली ती खाजगी कंपनी बुडाली. ऐकणारे थोडे आणि ऐकवण्याचा खर्च मोठा, हे गणित जमले नाही.

ते गणित जमले ते एका यंत्राभोवती अनेक कान जमले तेव्हा. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, तिथून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे स्वर पुढे वर्षभर आठवड्यामागून आठवडे येत राहिले आणि छप्पन्न गीते पुरी झाली. ज्या घरी रेडिओ त्या घरी आळी लोटे. रेडिओला हार घातल्याच्या, उदबत्ती लावल्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या संचांचा ध्वनी आजच्या कसोटीवर सामान्यच होता. तरीही ते ऐकणे लोकांच्या आयुष्यभर लक्षात राहिले.

याच केंद्रावरून १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला, ज्याची आठवण साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ठेवावी. पुण्यासह मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. आधी ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, मग त्यातले काही करून पाहायचे, आणि शंका केंद्राला कळवायच्या. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक ज. चं. माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अहवाल लिहिला. तो युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. एका रेडिओची किंमत वीस जणांत वाटली गेली, आणि ऐकलेले चर्चेत मुरले. साखळीची शेवटची कडी, म्हणजे ऐकणाऱ्याचे अवधान, इथे जाणीवपूर्वक घट्ट केली होती.

यानंतरचा प्रवास उलट दिशेचा आहे: अनेकांकडून एकाकडे. १९४८ साली अमेरिकेत निघालेल्या एलपीने बाजूची लांबी वीस मिनिटांच्या पुढे नेली आणि यथावकाश आपल्याकडेही ख्याल सावकाश मांडता येऊ लागला. १९५८ साली जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला. १९६८ साली सेनहायझरने उघड्या पाठीचा एचडी ४१४ काढला. कानावरचा दाब हलका झाला आणि आवाज मोकळा. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्याची दोन छिद्रे होती, आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक बटणही होते. ऐकणे दोघांनी मिळून करायची गोष्ट आहे, असे कारखानदारालाही अजून वाटत होते. नंतरच्या वॉकमनमधून हे बटण आणि दुसरे छिद्र दोन्ही गेले. आपल्याकडे १९८०च्या दशकात कॅसेटचा पूर आला. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांमुळे शास्त्रीय गाणे मध्यमवर्गीय कपाटात येऊन बसले. मग सीडी, मग संगणकावरची फाइल, मग मोबाइल. गाणे जवळजवळ फुकट झाले आणि ते ऐकण्याचे यंत्र महाग होत गेले. सेनहायझरने १९९१ साली ‘ऑर्फियस’ या नावाने अवघे तीनशे संच काढले, आणि २०१५ साली त्याच्या वारसाची किंमत सुमारे ५०,००० युरो जाहीर केली.

आता वर्तमानाकडे येऊ, आणि त्यासाठी मुळशी तालुक्यातले भुकूम घेऊ. ज्या जिल्ह्यात १९५६ साली गावाने मिळून रेडिओ ऐकला, त्याच जिल्ह्यातले हे गाव. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगाव मागे टाकले की भुकूम लागते. रामनदीचा उगम याच परिसरातल्या डोंगरांत होतो. जुनी वस्ती आहे, शेते आहेत आणि रस्त्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या इमारतीही आहेत. शहरातल्या महाविद्यालयात शिकणारा किंवा शिकवणारा कोणी इथे राहतो असे समजू. त्याने पंचवीस हजार रुपये हेडफोनवर घालावेत काय?

पहिली कडी मुद्रणाची. तो प्रामुख्याने अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, केसरबाई ऐकत असेल, तर जुन्या तबकड्यांत ५,००० हर्ट्झच्या वर गाणे फारसे नाहीच. तिथे आहे ती खरखर, आणि उत्तम हेडफोन तीही तितक्याच निष्ठेने ऐकवतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिचे मोल त्या साडेतीन मिनिटांतल्या स्वरात आहे. मुद्रणाच्या झळाळीमुळे तिची निवड झाली नव्हती. उलट तो अलीकडची मैफलींची मुद्रणे ऐकत असेल, तर तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे वरचे स्वर, डग्ग्याचा घुमारा, गायकाचा श्वास हे सगळे बऱ्या हेडफोनमध्ये नक्कीच उलगडते. हा फरक काल्पनिक नाही.

दुसरी कडी जागेची. रस्त्यालगतच्या खोलीत किंवा शहरात जाणाऱ्या बसमध्ये गाण्याशी स्पर्धा असते ती वाहनांची. गोंगाट विरवणाऱ्या हेडफोनची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून परतताना विमानात सुचली, आणि वैमानिकांसाठीचे पहिले यंत्र १९८९ साली निघाले. त्याचे तत्त्व सोपे आहे: बाहेरचा आवाज टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलट लहर कानात सोडायची. इंजिनाची सलग घरघर याने उत्तम विरते. कर्कश हॉर्न, अचानक उठलेले भुंकणे फारसे विरत नाही. भुकूमच्या आपल्या श्रोत्याला ट्रकची घरघर छळत असेल तर या सोयीचे पैसे सार्थकी लागतील. गावाच्या आतल्या, शांत बाजूला राहणाऱ्याने मात्र जी शांतता फुकट मिळते तीच विकत घेऊ नये.

तिसरी कडी यंत्राची. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या उंचीचे नाद हेडफोन कोणत्या प्रमाणात ऐकवतो आणि त्याची किंमत काय, यांत त्यांना संबंध आढळला नाही. टिकाऊपणा, गादीचा मऊपणा, डोक्यावरचा भार यांचा हिशेब त्या मोजणीत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण ‘महाग म्हणजे सुरेल’ हे समीकरण तिथेच मोडते. दुकानात पारखताना एक दक्षता घ्यावी. जो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून, किंमत न पाहता, ओळखीचे एकच मुद्रण ऐकावे.

शेवटची कडी कानाची. वयाबरोबर वरचे नाद ऐकू येईनासे होतात. पन्नाशीतल्या प्राध्यापकाने वीस हजार हर्ट्झच्या जाहिरातीला भुलू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. गोंगाट दाबण्यासाठी आवाज वाढवत नेणारा स्वस्त हेडफोन कानाच्या दृष्टीने महाग पडतो, हाही जमाखर्चातला आकडा आहे.

तेव्हा आमचा निर्णय असा. पंचवीस हजारांचा हेडफोन पाच वर्षे रोज तासभर लक्ष देऊन ऐकला, तर ताशी चौदा रुपयांच्या आत पडतो. इतक्या स्वस्तात मैफल कुठे मिळत नाही. तोच आठवड्यातून दहा मिनिटे कानाला लागला, तर ताशी पावणेसहाशेच्या वर जातो. म्हणजे किंमत दुकानदार ठरवतो. मोल मात्र घेणाऱ्याच्या सवयीवर ठरते. मुद्रण बरे असेल, आजूबाजूचा आवाज खरोखर आड येत असेल आणि ऐकण्याला रोजचा वेळ असेल, तर मध्यम किमतीपर्यंत अवश्य जावे. त्यापुढचे पैसे जातात ते कारागिरीला आणि मिरवण्याला. ज्याला ती हौस आहे त्याने ती हौस म्हणून करावी.

एक खर्च मात्र कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. १९५५ साली आळी जिथे एकत्र बसली, तिथे आज चार माणसे एकाच खोलीत चार निराळी गाणी ऐकतात. विद्यार्थ्याला एखादी बंदिश समजावताना शिक्षकाला ‘हे ऐक’ एवढे म्हणून चालत नाही. दोघांनी ती एकाच क्षणी ऐकावी लागते. तेव्हा पंचवीस हजार बाजूला काढलेच असतील, तर त्यातले थोडे एका बऱ्या स्पीकरसाठी राखून ठेवावेत, आणि तो बैठकीच्या खोलीत ठेवावा.