रुपयाचे आणे आणि आवाजाचे बिट



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. मापांचा आणि नाण्यांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. परंतु मजुरी मोजून घेणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. व्यवहारातले सर्वांत लहान नाणे कोणते, यावरच कोणाचे किती बुडणार हे ठरते. आज मी आवाज मोजण्याच्या अशाच एका नाण्याचा इतिहास आपणांस सांगणार आहे. त्या नाण्याचे नाव बिट.

नाव परके आहे, पण हिशेब आपल्या घरचाच आहे. जुन्या रुपयाची मोड आठवा. रुपयाची निम्मी अधेली, अधेलीची निम्मी पावली, पावलीची निम्मी चवली आणि चवलीचा निम्मा आणा. चार वेळा निम्मे केले की रुपयाचे सोळा भाग झाले. आणखी दोनदा निम्मे केले की ढब्बू आणि मग पैसा, म्हणजे चौसष्ट भाग. बिट म्हणजे हेच निम्मे करणे होय. चार बिटांत 16 पायऱ्या, सहा बिटांत 64, सोळा बिटांत 65,536 आणि चोवीस बिटांत 1,67,77,216. पायऱ्या जितक्या अधिक, तितकी आवाजाची मोजणी बारीक.

आरंभी मात्र आवाज मोजला जातच नव्हता. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा आवाजाच्या कंपनाने सुई हलली आणि मेणावर खोबण कोरली गेली. बालगंधर्वांची पदे आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे अशाच तबकड्यांवरून घरोघर पोचले. गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे आणि सुरांबरोबर खरखरही ऐकावी लागे.

खाँसाहेब 1937 साली निवर्तले. त्याच साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला एक कल्पना सुचली. कंपन जसेच्या तसे पाठविण्याऐवजी ते ठराविक अंतराने मोजावे आणि नुसते आकडे पाठवावेत. त्या काळच्या यंत्रांना हे काम परवडणारे नव्हते. संगीतासाठी तिचा उपयोग प्रथम जपानी नभोवाणीच्या प्रयोगशाळेने 1967 साली करून दाखविला. 1972 मध्ये डेनॉन कंपनीने तेरा बिटांचे यंत्र ध्वनिमुद्रणाला लावले. पुढे कॉम्पॅक्ट डिस्क ठरविताना फिलिप्सचा कल चौदा बिटांकडे होता आणि सोनीचा आग्रह सोळाचा. सोनीचे म्हणणे टिकले. 1982 साली बाजारात आलेली डिस्क सेकंदाला 44,100 वेळा आवाज मोजते आणि प्रत्येक माप सोळा बिटांत लिहिते.

एका बिटाने सुमारे सहा डेसिबलची भर पडते. म्हणून सोळा बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आवाज यांत 96 डेसिबलचे अंतर मावते, चोवीस बिटांत 144 चे. तंबोऱ्याची तार विरत जाते, तिचा शेवटचा अंश मोजायला बारीक नाणे लागते, एवढाच याचा अर्थ.

आता संगणकातील ध्वनिमुद्रणाकडे वळू. येथे मुख्य कार्यक्रमात लहान लहान कार्यक्रम बसविता येतात. त्यांना प्लग-इन म्हणतात. एक घुमारा देतो, दुसरा खर्ज उचलतो, तिसरा आवाजाची चढउतार आवरतो. 1996 मध्ये स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि बाहेरच्या कारागिरांनाही असे प्लग-इन बनविण्याची वाट मोकळी झाली. प्रत्येक प्लग-इन आलेल्या आकड्यांवर गुणाकार-बेरीज करतो आणि उत्तर पुढे देतो. उत्तर अपूर्णांकात आले की ते कोठेतरी तोडावे लागते.

या तोडण्याचा अनुभव आपल्या देशाने घेतलेला आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. आण्याचे नेमके सव्वासहा नवे पैसे होत. परंतु पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून कोष्टकात आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 आणि पावलीला 25 असे ठरले. चार आण्यांची मजुरी एकदम घेतली तर 25 पैसे, पण एकेक आणा करून चार वेळा घेतली तर 24. पैसा कोणी चोरला नाही. तो हिशेबात गळाला. दहा प्लग-इनांची रांग लावली आणि प्रत्येक पायरीला तोडत गेले, तर सुराचेही असेच होते.

यावर उपाय म्हणून आतला हिशेब फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने करतात. यात आकडा वेगळा लिहितात आणि त्याची पट वेगळी. 32 बिटांच्या या पद्धतीत नेमकेपणा चोवीस बिटांइतकाच असतो, पण पट मोठी असल्यामुळे हिशेबाच्या मध्येच आवाज मर्यादेबाहेर गेला तरी तो सहसा फाटत नाही. मायक्रोफोनकडून आत येतानाच जो फाटला, तो मात्र सहसा सांधता येत नाही. 2006 साली व्हीएसटीत 64 बिटांच्या हिशेबाचीही सोय झाली. लांबलचक हिशेबात तिचा उपयोग आहे, पण एरवी कानाला फरक कळणे कठीण.

येथे ग्राहकाची एक फसगत होते. वेष्टनावरच्या '64 बिट' या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, तो कार्यक्रम संगणकाच्या मोठ्या स्मृतीत चालतो. तो फाटकाच्या रुंदीचा आकडा आहे, आतल्या तागडीच्या बारीकपणाचा नव्हे. फाटकाची गोष्टही क्षुल्लक नाही. 2019 मध्ये ॲपलने आपल्या संगणकांवर 32 बिटांचे कार्यक्रम चालविणे बंद केले, तेव्हा पैसे देऊन घेतलेले कित्येक जुने प्लग-इन नव्या यंत्रणेत निकामी झाले. पण दोन्ही आकडे एकच समजून जास्त किंमत मोजण्याचे कारण नाही.

हे सारे आपल्याला कशासाठी? हेंद्रेपाड्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीतही आज ध्वनिमुद्रण होऊ शकते. आमच्या संघटनेच्या कपाटात फाटकावरच्या सभांच्या आणि शाहिरांच्या कॅसेटी आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी भजनी मंडळांच्या असतील. फीत दरवर्षी झिजते आहे. कॅसेटची स्वतःची खरखर एवढी असते की तिच्यातला आवाज सोळा बिटांतही मावतो. तरीही जगातील ध्वनिसंग्रहपालांची संघटना जतनासाठी चोवीस बिटांचीच शिफारस करते, कारण पुढच्या दुरुस्तीच्या हिशेबाला मोकळी जागा लागते. पहिली प्रत कसलीही सफाई न करता चोवीस बिटांत ठेवावी. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. सोळा बिटांवर आणायचे ते शेवटी आणि एकदाच. त्या वेळी जाणकार मुद्दाम अतिसूक्ष्म खरखर मिसळतात, म्हणजे तोडण्याची चूक एकाच बाजूला न साचता विखुरते. पूर्णांक नेहमी एकाच्याच लाभाचा केला तर दुसऱ्याचे काय होते, हे कामगारांना सांगायला नको.

बिट वाढविल्याने वाईट मुद्रण चांगले होत नाही. पण एकदा तोडून टाकलेला अंश पुन्हा कोणत्याही यंत्राने मिळत नाही. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी असतील, त्यांनी ही गोष्ट उतरवून घेणाऱ्याला आधी सांगावी, आणि मूळ फीत परत मागून घ्यावी.