केडगावचे कृपासदन : नियम मोडणाऱ्यांचे काय?

(१) लातूरहून रेल्वेने पुण्याला गेला असाल, तर दौंड सुटल्यावर थोड्याच वेळात केडगाव लागते. रात्रीच्या गाडीत ते बहुधा झोपेतच मागे पडते. याच गावी पंडिता रमाबाईंनी १८९८ साली ‘मुक्ती’ ही संस्था उभारली आणि पुढे तिथेच एक निराळे घर काढले : ‘कृपासदन’. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी. आजचा थ्रेड या नावातील पहिल्या शब्दाविषयी आहे.

(२) मराठी बायबलमध्ये तीन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात : नियमशास्त्र, कृपा, प्रीती. नियमशास्त्र म्हणजे मोशेच्या हाती दिलेला देवाचा कायदा. पौलाच्या पत्रांतील युक्तिवाद थोडक्यात असा : नियम माणसाला त्याचा दोष दाखवतो, पण त्यातून सोडवत नाही. सुटका मिळते ती कृपेने, म्हणजे लायकी न पाहता दिलेल्या दानाने. आणि ज्याला ती मिळाली, त्याच्या प्रीतीतून नियम आपोआप पाळला जातो. कागदावर हे सोपे दिसते. रमाबाईंना ते उमगायला आयुष्याची कित्येक वर्षे लागली.

(३) कारण नियम त्यांना चांगलाच ठाऊक होता. १८५८चा जन्म, अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या. १८७४च्या सुमारास दुष्काळाने आईवडील नेले. त्यानंतर भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पायी भटकंती, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या. तिथेच धर्मशास्त्रांचे वाचन करताना त्यांना जाणवले की इतर बाबतींत हे ग्रंथ एकमेकांशी भांडतात. स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्ष नाही, यावर मात्र त्यांचे एकमत आहे.

(४) १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपली संस्था दाखवली. ज्यांचे नावही सभ्य घरात कोणी काढत नसे, अशा स्त्रियांची तिथे शुश्रूषा चाले. हे लोक असे का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

(५) ही कथा महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. भर दुपारची विहीर. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत, अशा शोमरोनी समाजातील एक बाई. पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. तिच्याजवळ येशू पाणी मागतो! तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही मागतो. आधी सुधार, मग ये, अशी अट नाही. विटाळ आणि पाणी यांचे नाते जिच्या अंगवळणी पडले होते, त्या ब्राह्मण विधवेवर या प्रसंगाचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

(६) गोष्ट इथे संपत नाही. चर्चचेही नियम होतेच. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि आज्ञापालनावरून पत्रांतून कडाक्याचे वाद झाले. रमाबाईंनी पुरुषांना शिकवावे का, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे घेणार नाही, असे रमाबाईंनी बजावले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी कबूल केले की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हे सर्वांत प्रामाणिक विधान आहे.

(७) आता अवघड भाग. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेल्या ‘शारदा सदना’त धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे वचन होते. सदन पुण्याला आले. रमाबाईंच्या खोलीतल्या प्रार्थनेला काही विधवा मुली बसू लागल्या. दार उघडे होते, बोलावणे नव्हते, हे त्यांचे म्हणणे. वचन मोडले, हे ‘केसरी’चे. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतीदारांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या. टीकेत पुरुषी अहंकार पुष्कळ होता, तरी मूळ प्रश्न खोटा नव्हता. ज्या मुलीला दुसरा आसराच नाही, तिला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक किती? अट नसलेले दान ही कृपेची व्याख्याच असेल, तर हा प्रश्न रमाबाईंना त्यांच्याच भाषेत विचारलेला होता.

(८) त्यांचे उत्तर शब्दांत कमी आणि कामात जास्त सापडते. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. १९०० पर्यंत केडगावी सुमारे दीड हजार माणसे राहत होती. शाळा, विणकाम, शेती, छापखाना, आणि हो, घंटेवर चालणारी कडक शिस्त. (कृपेच्या घरालाही वेळापत्रक लागतेच.) पण कृपासदनाच्या दारात तुझी चूक किती, असा हिशेब मांडला जात नव्हता. अनाथ मुलगी आणि दुष्काळपीडित विधवा यांची दया समाजाला निदान येत तरी होती. या स्त्रियांची येत नव्हती.

(९) या कामाची एक शाखा आपल्या बाजूलाही आली. मनोरमाबाईंच्या पुढाकाराने १९१२ साली गुलबर्ग्यात मुलींची शाळा निघाली. नांदेड जिल्हा आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर जसे निजामाच्या राज्यात, तसेच गुलबर्गाही. इकडे केडगावात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या. त्याच आवारातल्या छापखान्यात ‘मुक्ती’तल्या स्त्रिया त्याचे खिळे जुळवत होत्या. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.