सुट्या भागांतला इतिहास

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आवरताना हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीचा एक जुना, अर्धवट राहिलेला संच हाती लागला. एस-५५ जातीचे हेलिकॉप्टर. प्रमाण १:७२, म्हणजे प्रत्यक्षातल्या सहा फुटांना एक इंच. आठवीतली काही मुले जोडणीला बसली. सगळे भाग उलटेपालटे करून एकाने विचारले, "सर, आमां तोप क्यां छे?" तोप नाहीच म्हटल्यावर मुलांचे चेहरे उतरले. तोफ नसलेल्या यंत्राचा युद्धाच्या इतिहासाशी काय संबंध, असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

त्याचे उत्तर एप्रिल १९४४ मध्ये सापडते. आसामातील लालाघाटहून कार्टर हार्मन हा अमेरिकन लेफ्टनंट सिकोर्स्की कंपनीचे वायआर-४ हे हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशाकडे निघाला. जपानी फळीमागे एक छोटे विमान पडले होते. वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले होते. हार्मनच्या यंत्रात जागा एकाच माणसाची, आणि त्या उष्म्यात इंजिन तापे. चार माणसांसाठी चार खेपा, त्याही दोन दिवसांत. युद्धभूमीवरून हेलिकॉप्टरने माणसे सोडवण्याची ही पहिली घटना मानली जाते.

एकाच माणसाची जागा ही अडचण एस-५५ ने दूर केली. १० नोव्हेंबर १९४९ रोजी ते प्रथम उडाले. जोडणी करताना मुलांना नाक फार फुगीर वाटले. त्यातच सारी युक्ती आहे. इंजिन नाकात, वर वैमानिक, आणि इंजिनाचा दांडा तिरका वर चढत पंख्यापर्यंत जातो. त्यामुळे मुख्य पंख्याच्या थेट खाली प्रशस्त खोली मिळाली. दहा माणसे चढली-उतरली तरी तोल फारसा बिघडत नाही. १९५१ पासून कोरियाच्या युद्धात या यंत्राने जखमींना मागे आणले. १९५४ साली भारतीय वायुदलात दाखल झालेले पहिले हेलिकॉप्टरही हेच.

इंग्लंडच्या एअरफिक्स व अमेरिकेच्या रेव्हेल या कंपन्यांनी त्याच दशकात याचे संच काढले. म्हणजे यंत्र उडत होते तेव्हाच ते मुलांच्या टेबलावर पोचले होते. म्हणूनच जुना संच हाही इतिहासाचा एक दस्तऐवज होय. मात्र तो हाताळायला धीर लागतो. साच्याच्या फटीतून आलेली फाजील किनार ब्लेडने कापावी, सांधे पॉलिश पेपरने घासावेत. चिन्हांचे कागद पिवळे पडलेले असतात. ते खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ऊन दाखवले, तर पिवळेपणा बराच उतरतो. आमच्या संचातली चिन्हे मात्र परकी होती. मुलांनी ती बाजूला ठेवली आणि बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे असे आपले वर्तुळ बारीक ब्रशने रंगवले.

पुढची पिढी चेतकची. फ्रान्सचे अलुएत-३ हे यंत्र नोव्हेंबर १९६० मध्ये हिमालयात देव तिब्ब्यावर ६,००४ मीटर उंचीवर उतरले. १९६५ पासून ते चेतक या नावाने बंगळुरूला बनू लागले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा २६१ माणसांचा तराफा बुडाला, तेव्हाही नौदलाच्या शोधकार्यात चेतक होते.

आमच्या मुलांना हे दूरचे वाटत नाही. आजवा तलाव आमच्याच तालुक्यातला. त्याचे पाणी विश्वामित्रीत सुटले की बडोद्याचा जीव टांगणीला लागतो. जुलै २०१९ च्या शेवटच्या दिवशी बडोद्यात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा घराघरांत शिरली. गच्चीवर बसून मदतीची वाट पाहणे म्हणजे काय, हे वर्गातल्या काहींनी नातेवाइकांकडून ऐकले आहे.

आपली पाठ्यपुस्तके लढायांचे निकाल सांगतात; रणांगणातून कोणाला परत आणले, याची ओळ त्यांत क्वचित असते. प्रतिकृती पूर्ण झाली, तेव्हा तोफ विचारणाऱ्या मुलाने तिचे दार उघडेच चिकटवले होते. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, बंद दारातून कोणाला आत घेणार?"

प्रतिकृती आता इतिहासाच्या वर्गात, लढायांच्या तक्त्याशेजारी ठेवली आहे.